रेसिड्यू महाराज आणि सोडलेली ओळ

दर रविवारी सकाळी नऊ वाजता दिंडोरी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाबाहेर तीनशे माणसं हातात स्वतःच्या लघवीची बाटली घेऊन रांगेत उभी असत. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, थंड पेयांच्या बाटल्या, अत्तराची एक नक्षीदार कुपीसुद्धा होती. एका बड्या बागायतदारानं तर स्टीलच्या थर्मासमधून आणली होती. बायकांनी बाटलीवर पदर धरला होता आणि पुरुष ती ऊन लागू नये म्हणून टोपीखाली घेत होते.

मी प्रतिभा. पंचवटीतल्या एका छोट्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रक्त-लघवी तपासण्याचं काम करते. एवढ्या वर्षांत लाखभर बाटल्या माझ्या हाताखालून गेल्या असतील. माझ्याकडे लोक बाटली कागदात गुंडाळून आणतात, कोपऱ्यात ठेवतात आणि माझ्याकडे न बघता पळतात. इथं तीच बाटली नैवेद्यासारखी मिरवली जात होती. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आश्चर्य वाटलं नाही, हेवा वाटला.

आत गेलं की कार्यालयाच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलेलं. स्टेजवर, जिथं एरवी नवरा-नवरी बसतात, तिथं निर्मळानंद महाराज. अंगात भगवी कफनी आणि तिच्यावर डॉक्टर घालतात तसा पांढरा ॲप्रन. गळ्यात रुद्राक्ष, खिशाला दोन पेनं. धर्म आणि विज्ञान दोन्ही एकाच माणसानं इतक्या बेमालूमपणे अंगावर चढवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

महाराजांनी माईक हातात घेतला.

"भक्तहो, तुमच्या द्राक्षाचा कंटेनर परदेशात जातो. तिथला गोरा साहेब एक घड उचलतो, मशीनमध्ये घालतो, आणि औषधाचा एक कण सापडला तरी म्हणतो, रिजेक्ट! बरोबर?"

"बरोबर," अख्खं सभागृह म्हणालं.

"मग मला सांगा, हा देहाचा कंटेनर एक दिवस वर जायचा आहे. तिथं चित्रगुप्त मशीन घेऊन बसलाय. वीस वर्षं तुम्ही फवारणी केलीत. तुमचा रेसिड्यू कोणी तपासला?"

एक म्हातारी चक्क रडायला लागली.

ज्यांना द्राक्षाचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फवारलेल्या औषधाचा जो अंश फळात उरतो त्याला आमच्याकडे रेसिड्यू म्हणतात. निर्यातीआधी त्याची तपासणी होते. हा शब्द दिंडोरीत शाळेतल्या पोरालाही येतो आणि तो ऐकला की भलेभले कर्जाचा हिशोब काढून बसतात. महाराजांनी लोकांची नाडी अशी अचूक धरली होती. पुढं कळलं की ते महाराज होण्याआधी दहा वर्षं शेती औषधांच्या दुकानादुकानांतून माल खपवत फिरत होते. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणतात, यांनी तर माणसांना त्यांचीच लघवी विकली.

मग दिवे गेले. महाराजांचा सेवेकरी चंदर एक निळाजांभळा दिवा घेऊन पुढं आला. त्याचं नाव दिव्यज्योत. पहिली बाटली तिच्यासमोर धरली आणि काय सांगू, बाटली पेटल्यासारखी पिवळीपोपटी चमकायला लागली. शंख वाजला. "बघा," महाराज म्हणाले, "वीस वर्षांचं विष, आमच्या औषधाच्या पुडीनं धरून बाहेर ओढलंय."

मीही क्षणभर बघत राहिले. चमत्कार सुंदर असतात, हे मान्य करायला हरकत नाही.

महाराजांचे नियम मात्र मी नीट ऐकले. एक, आधी तीन दिवस महाराजांकडच्या पुड्या घ्यायच्या, मगच बाटली आणायची. पुडी न घेतलेल्याची बाटली ज्योतीसमोर धरली जाणार नाही. दोन, पिवळं निघत राहील तोवर पुडी बंद करायची नाही. तीन, पिवळं कमी होत नसेल तर पुड्या वाढवायच्या.

शेजारी बसलेल्या लताबाई माझ्या कानाशी लागल्या. "ताई, तुम्ही नवीन दिसता. माझं तोंड सारखं यायचं, ओठ फाटायचे, तिखट खाता येत नव्हतं. आठ दिवसांत पुडीनं बरं झालं. खोटं कशाला बोलू?"

त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि पंचाईत नेमकी तिथंच होती.

---

मी तिथं हौसेनं गेले नव्हते. आदल्या दिवशी माझ्या भावजयीचा, मैनाचा फोन आला होता.

"ताई, तुम्ही या. यांनी आज ट्रॅक्टर बागेत घातला, पार मांडवाच्या लोखंडी अँगलपर्यंत. म्हणतात, क्लचवर पाय हाय का नाय तेच कळलं नाय."

माझा धाकटा भाऊ भिकन दिंडोरीच्या पुढं आमच्या गावात राहतो. पंधरा वर्षं तो लोकांच्या बागांत ट्रॅक्टरवर फवारणीचं काम करतो. त्याच्याइतका सरळ ट्रॅक्टर तालुक्यात कोणी चालवत नाही, वेलीचं पान हलत नाही. मी पोहोचले तेव्हा तोच भिकन ओट्यावर बसला होता आणि सुई टोचावी तशी बोटं तळव्याला टोचून बघत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. आधी मुंग्या यायच्या. आता तळव्याखाली कापूस ठिवल्यावानी वाटतं. चप्पल निघून पडली तरी कळत नाय." मग लगेच म्हणाला, "पण काळजी करू नको आक्का. महाराजांनी सांगितलंय, इष खाली उतरलंय. पायातून निघून जाणार."

"किती पुड्या घेतोस?"

"आधी एक व्हती. आता पाच. उद्यापासून सात."

"किती महिने झाले?"

"सात-आठ. पण पिवळं काय थांबंना. लय इष हाय माझ्यात."

मैना दाराआडून म्हणाली, "तोंडाला फडकं बांधायचंबी सोडलं यांनी. म्हणतात, पुडी हाय ना."

मला संताप आला. फवारणीचं औषध अंगावर घेऊ नये, मास्क लावावा, हातमोजे घालावेत, काम झालं की आंघोळ करावी, हे मी त्याला पंधरा वर्षं सांगत आले. तो निम्मं तरी ऐकायचा. आता तेही गेलं होतं. वर महाराजांनी विष काढण्याची हमी दिली म्हटल्यावर विष आत घ्यायला कोण घाबरणार?

मी एक पुडी उघडली. वरून हळद. हळदीच्या खाली दुसराच एक वास होता, उग्र, औषधी, जरा कुबट. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची बाटली ज्यानं एकदा उघडली तो हा वास विसरत नाही. मी पुडी पिशवीत टाकली आणि भिकनला घेऊन डॉक्टर हर्षालीकडे गेले. ही आमच्या लॅबला पेशंट पाठवणारी तरुण डॉक्टर. वयानं माझ्या मुलीएवढी, पण बोलते मोजकं.

तिनं भिकनच्या पायावर कापूस फिरवला, मग कंप पावणारा चिमटा घोट्याला लावला. भिकन डोळे मिटून म्हणाला, "लावा की." चिमटा लावलेलाच होता.

साखर तपासली, ती नीट होती. बारा नंबरचं ब जीवनसत्त्वही पुरेसं होतं. हर्षालीनं पुडीचा वास घेतला आणि भिकनला समजेल असं सांगितलं.

"दादा, ब जीवनसत्त्व म्हणजे एक वस्तू नाही, आठ भावंडं आहेत. त्यातलं दोन नंबरचं पिवळं असतं. शरीराला हवं तेवढं घेतं, उरलेलं लघवीतून टाकतं. म्हणून पिवळं दिसतं. ते विष नाही, तुम्ही खाल्लेली गोळीच बाहेर पडतेय. सहा नंबरचं मात्र वेगळं आहे. थोडं असेल तर नसांना लागतं. महिनोन् महिने जास्त घेतलं तर त्याच नसा खराब करतं. मला वाटतं तुमच्या पायांचं तेच झालंय. पुडीत काय आहे ते तपासून घेऊ, पण पुडी आजपासून बंद. आज बंद केलीत तर हळूहळू सुधारेल. उशीर केलात तर पूर्ण भरून येईलच असं मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर भिकन म्हणाला, "पोरगी हुशार हाय. पण तिनं कदी फवारणी केलीय का?"

"भिकन, पुडी पिवळी, म्हणून लघवी पिवळी. एवढं साधं आहे."

"पिवळं थांबल्याबिगर बंद करायची नाय. महाराजांचा नियम हाय."

"अरे, पुडी चालू आहे तोवर पिवळं थांबणारच नाही!"

"म्हणजे इष संपलं नाय."

पालथ्या घड्यावर पाणी. रस्त्यात उभं राहून मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही. रिक्षावाले बघायला लागले. भिकन मान खाली घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, "रविवारी तू दरबारात ये, म्हंजे तुला पटंल." म्हणून मी त्या पहिल्या रविवारी तिथं गेले. आणि तिथं महाराजांनी सगळ्यांदेखत त्याच्या सात पुड्या पक्क्या केल्या.

---

दरबारातून परतताना गावच्या फाट्यावर साळूबाई भेटल्या. द्राक्षाची विरळणी करणं, घड औषधात बुडवणं, असली कामं करणाऱ्या बारा बायकांच्या टोळीच्या त्या मुकादम. साठी उलटलेली, गळ्यात माळ, कमरेला चंची. सगळं ऐकून त्यांनी चंचीतून सुपारी काढून तोंडात टाकली.

"प्रतिभा, मला एक कळत नाय. भिकन्या फवारतो ट्रॅक्टरवर बसून. माझ्या बाया त्या फवारलेल्या घडात दिवसभर हात घालत्यात. मंग इष आमच्यातबी असंल ना?"

"असायला पाहिजे."

"मंग आम्ही पुडी खात नाय तर आमचं पिवळं का व्हत नाय?"

"महाराज म्हणतील, पुडीशिवाय विष सुटत नाही."

"म्हनू दे. पण त्यानं कदी बिगर पुडीची बाटली त्या दिव्यापुढं धरलीय का? ओळ सोडल्याबिगर औषधाचा गुण कळतो व्हय?"

सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढून हे मला सुचलं नव्हतं.

आमच्याकडे कंपनीचा माणूस नवीन औषध घेऊन आला की कुठलाही शहाणा बागायतदार ते सगळ्या बागेवर मारत नाही. चार ओळींवर मारतो, मधली एक ओळ सोडतो, आणि ओळखू यावी म्हणून तिच्या पहिल्या खांबाला लाल चिंधी बांधतो. पंधरा दिवसांनी सोडलेल्या ओळीतही तसेच घड फुगले असतील, तर औषधाला नमस्कार. कंपनीच्या माणसाचं गोड बोलणं ही माणसं एका चिंधीवर तोलतात. आणि ही लाल चिंधी बांधायचं काम पंधरा वर्षं कोण करत होतं? भिकन. द्राक्षाच्या बाबतीत कोणाच्या बापाचं न ऐकणारी ही माणसं स्वतःच्या अंगाला मात्र एकही ओळ सोडत नव्हती.

आम्ही ठरवलं. बारापैकी सहा बायका तीन दिवस पुड्या घेतील, सहा घेणार नाहीत. हर्षालीला विचारून घेतलं. एरवी तब्येत बरी असेल, कोणी गरोदर नसेल, तर तीन दिवसांनी काही बिघडत नाही म्हणाली. मीही पुड्या घ्यायच्या होत्या. ज्या घेणार नव्हत्या त्यांनी महाराजांना मात्र सांगायचं, घेतल्या म्हणून.

"खोटं बोलावं लागंल," एक बाई कचरली.

"बोलू," साळूबाई म्हणाल्या. "बोलायचं कसं ते महाराजाकडून शिकलोय की."

शनिवारी मी मेन रोडवर जाऊन नोटा तपासायचा निळा दिवा आणला. दुकानदारानं विचारलं, "खोट्या नोटा पकडायच्या का, मॅडम?" म्हटलं, "नोटाच असं नाही."

---

दुसऱ्या रविवारी भिकन पहिल्या रांगेत बसला होता, काठी घेऊन. आता काठी आली होती. त्याच्या खिशात आठवड्याच्या पुड्यांचं पुडकं फुगलेलं दिसत होतं.

साळूबाईंच्या टोळीला महाराजांनी मानानं पुढं बोलावलं. श्रमिक भगिनी म्हणून दोन वाक्यं बोलले. चंदरनं बारा बाटल्या लाकडी स्टँडमध्ये मांडल्या. दिवे गेले, ज्योत आली.

सहा बाटल्या पोपटी पेटल्या. सहा तशाच राहिल्या, जेमतेम निळसर, मलूल.

असं आजवर कधी झालं नव्हतं. पण महाराज ते महाराज.

"शंख वाजवा!" ते म्हणाले. "या सहा भगिनी पुण्यवान. तीन दिवसांत पुडीनं यांचं सगळं विष धुऊन काढलं. निर्विष! आणि या सहा जणींची अजून बाकी आहे. पुड्या दुप्पट करा."

टाळ्या पडल्या. मग मी माझी बाटली पुढं केली. ती अशी काही चमकली की पहिल्या रांगेतल्यांची तोंडं उजळून निघाली.

"अरेरे," महाराज कळवळले. "बाई, तुमच्यात चौदा वर्षांची फवारणी साठली आहे. बुरशीनाशक थेट रक्तात आहे. कुठली बाग तुमची?"

"पंचवटी," मी म्हणाले. "भाजीबाजारामागं, तिसरा मजला. खिडकीत एक तुळस आहे. तिला पाण्याशिवाय काही घातलेलं नाही."

मागं कोणीतरी हसलं. महाराज म्हणाले, "भाजीतून जातं ते."

"हो का? मग या भाजी खात नाहीत का?" मी वळून म्हणाले, "साळूबाई."

साळूबाई उठल्या. "लाइट लावा रे. बायांनो, जिनं पुडी खाल्ली नाय तिनं हात वर करा."

ज्यांच्या बाटल्या मलूल होत्या त्याच सहा बायकांनी पदराखालून हात वर काढले. प्रत्येकीच्या मनगटाला लाल चिंधी बांधलेली होती.

तीनशे माणसांच्या सभागृहात त्या चिंधीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. बागायतदार एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांनी पुडी घेतली त्या पिवळ्या, ज्यांनी घेतली नाही त्या नाहीत. घडात हात मात्र बाराही जणींचे होते. आणि ज्यांचं विष पुडीनं धुतलं म्हणून शंख वाजला, त्यांनी पुडी उघडलीच नव्हती.

"ही परीक्षा आहे!" महाराज गरजले. "श्रद्धेची परीक्षा घेणाऱ्याची बाटली ज्योत ओळखत नाही."

"ज्योत माझ्याकडंही आहे," मी पिशवीतून दिवा काढला. "नोटा तपासायचा आहे." एका ग्लासात पिण्याचं पाणी घेतलं, सगळ्यांदेखत एक घोट प्यायले. मग औषधाच्या दुकानातून आणलेली बी-कॉम्प्लेक्सची साधी गोळी कुटून त्यात टाकली, ढवळली, आणि पुन्हा दिवे घालवायला सांगितले.

ग्लास पोपटी पेटला.

"महाराज," मी विचारलं, "या ग्लासानं किती वर्षं फवारणी केली?"

आता मात्र हशा झाला. पण मी हसले नाही, कारण मी भिकनकडे बघत होते. तो त्या सहा चिंध्यांकडे एकटक बघत होता. काठीवर भार देऊन तो उठला.

"महाराज, म्या पुडी बंद केली तर पिवळं थांबंल?"

"थांबेल रे बाळा, पण विष आत कोंडलं जाईल."

"अन् पुडी चालू ठिवली तर?"

"तर विष निघत राहील."

"म्हंजे पिवळं झालं तरी इष हाय, नाय झालं तरी इष हाय." भिकन सावकाश बोलत होता, ट्रॅक्टर वळवताना बोलतो तसा. "मंग माझं इष संपलं, हे मला कळायचं कसं?"

माईक चंदरच्या हातात देऊन महाराज ध्यानाला म्हणून आतल्या खोलीत गेले, आणि त्या खोलीला मागं दार होतं.

भिकननं खिशातलं पुडकं काढून स्टेजवर ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, ओळ म्या सोडायला पायजे व्हती. माझंच काम व्हतं ते." तेव्हा मला रडू आलं. सभागृहात, सगळ्यांसमोर.

---

पुडीच्या तपासणीचा अहवाल यथावकाश आला. आत बी-कॉम्प्लेक्सची पूड आणि वर सहा नंबरच्या ब जीवनसत्त्वाचा भरघोस डोस. पुडी जोरदार वाटावी म्हणून घातलेला. तक्रार दिली आहे, जबाब झाले आहेत, बाकी जे व्हायचं ते होईल.

लताबाई आठ दिवसांनी माझ्याशी भांडायला आल्या. "माझं तोंड बरं झालं ते काय खोटं?" खोटं नाही. त्यांच्या आहारात ब जीवनसत्त्व कमी होतं, पुडीत ते होतं, गुण आला. खऱ्या औषधाला हळद फासून चमत्कार म्हणून विकलं होतं. तेच औषध डॉक्टरांना विचारून, मापात, नाव छापलेल्या पाकिटातून घेतलं असतं तर लताबाईंना विष, शंख आणि रविवार यांतलं काहीच लागलं नसतं. रोजच्या जेवणात डाळी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, दूध, चालत असेल तर अंडं, एवढं असलं तर बहुतेकांना गोळीही लागत नाही.

गंमत साळूबाईंची झाली. हर्षालीनं टोळीतल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. साळूबाईंची जीभ लालगुंज, चालताना तोल जायचा, वय झालं म्हणून त्या गप्प होत्या. तीस वर्षं माळ, अंडं-मटण बंद, दूध चहापुरतं. बारा नंबरचं ब जीवनसत्त्व तळाला गेलेलं. हर्षालीनं इंजेक्शनं सुरू केली. म्हणाली, शुद्ध शाकाहारी, म्हातारी माणसं, मधुमेहाच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, यांनी हे तपासून घ्यावंच. मूल हवं असलेल्या बाईनं फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यावं, तेही ब जीवनसत्त्वाचंच भावंड. पण हातापायाला मुंग्या असतील तर आपल्या मनानं नुसतं फॉलिक घेत बसू नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा आतून बिघडत राहतात.

"म्हंजे गोळी मला पायजे व्हती," साळूबाई म्हणाल्या, "अन् खाल्ली भिकन्यानं."

मग हर्षालीनं माझ्याकडे मोर्चा वळवला. "मावशी, तुम्ही काय काय घेता?"

मी जरा चाचरले. केस गळतात म्हणून मोबाइलवर जाहिरात बघून एक बाटली मागवली होती, सहा महिने घेत होते. बायोटिन. तेही ब जीवनसत्त्वच, मोठ्या डोसचं.

"आणि तुमची थायरॉइडची तपासणी वेडीवाकडी आली होती ती?"

या गोळीनं रक्ताच्या काही तपासण्या चुकू शकतात, म्हणून ती घेता का, हे मी रोज काउंटरवर पेशंटला विचारते. स्वतःला विचारलं नव्हतं. दिंडोरीच्या लोकांना मी हसत होते आणि माझा महाराज माझ्या पर्समध्ये होता, मोबाइलच्या कप्प्यात. पंचवटीत अशा महाराजांची बाटली घरटी एक तरी सापडेल. पाण्यात विरघळतं म्हणजे कितीही घेतलं तरी बाहेर पडतं, असं सगळे म्हणतात. भिकनचे पाय बघेपर्यंत मीही म्हणायचे.

एप्रिलच्या छाटणीला मी गावी गेले. भिकन बागेत अनवाणी उभा होता. "डाव्याला माती तापलेली कळतीय," तो म्हणाला. "उजव्याची दोन बोटं अजून मेलेली हायेत." ट्रॅक्टर चालवायला हर्षाली अजून परवानगी देत नाही. तो आता औषधं कालवून देतो, मास्क आणि हातमोजे घालून, आणि दुसऱ्यानं मास्क लावला नाही तर फवाऱ्याची नळी बंद करतो.

माझं वाचणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. कोणी कफनी घालून आला, ॲप्रन घालून आला किंवा मोबाइलमधून आला, आणि म्हणाला की याचा गुण येतो, तर घेतलेल्यांचे अनुभव ऐकून भुलू नका. न घेतलेल्यांचं काय झालं ते विचारा. गुण आला नाही, हे तो कशावरून कबूल करणार, ते विचारा. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, किती घ्यायचं आणि कधी थांबायचं ते डॉक्टरला विचारा. ही अक्कल बाहेरून आणायची नाही. बागेच्या खांबाला ती लाल चिंधी होऊन पिढ्यान् पिढ्या लटकते आहे.

परवा बातमी आली की घोटीत एक नवे महाराज उगवलेत. नाव वेगळं, ॲप्रन तोच. भातवाल्यांना भाताच्या भाषेत सांगतात म्हणे. भिकननं माझ्याकडून नोटांचा दिवा मागून घेतला. घोटीला निघताना एसटीच्या पायरीवर उजवं पाऊल त्यानं नजरेनं बघून ठेवलं, कारण त्याची दोन बोटं त्याला अजून कळत नाहीत.

"घोटीवाल्यांना सांगशील काय?" मी विचारलं.

"सांगायचं काय, आक्का," तो म्हणाला. "चप्पल काढून मेलेल्या बोटाला सुई टोचून दाखवीन."